सही नातेवाईकाची, शरीर रुग्णाचे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री साडेनऊच्या सुमारास सिस्टर क्लिपबोर्ड घेऊन वॉर्डात येतात. त्यावर एक छापील कागद असतो. वर नाव, वय, बेड नंबर लिहिलेला, मधल्या तीन रेघा कोऱ्या आणि खाली मजकूर : ‘मला सर्व काही माझ्या भाषेत समजावून सांगितले असून काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर अथवा रुग्णालय जबाबदार राहणार नाही.’ ‘नातेवाईक कोण आहे? इथे सही करा.’ मुलगा किंवा नवरा सही करतो. रुग्ण खाटेवर जागा असतो, शुद्धीत असतो, त्याला लिहिता-वाचता येत असते, पण पेन त्याच्या हातात जात नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी रुग्णालयांत ‘कन्सेंट’ घ्यायची रीत ही अशी आहे. कायद्याच्या कसोटीवर हा कागद टिकत नाही, आणि तो टिकला नाही तर फटका रुग्णाइतकाच डॉक्टरलाही बसतो. म्हणून हे पत्र.

आधी सहीचे पाहू. अठरा वर्षे पूर्ण झालेला, शुद्धीवर असलेला, सांगितलेले समजून निर्णय घेऊ शकणारा रुग्ण असेल तर त्याच्या उपचाराला संमती देण्याचा अधिकार फक्त त्याचा. नवरा, बायको, आई, मुलगा, मोठा भाऊ यांपैकी कोणीही त्याच्या वतीने ‘हो’ म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात हे स्वच्छ शब्दांत सांगितले. त्या प्रकरणात दिल्लीतल्या एका ४४ वर्षांच्या अविवाहित महिलेने १९९५ मध्ये दुर्बिणीतून तपासणी आणि दुर्बिणीतून करता येईल तेवढी शस्त्रक्रिया यासाठी सही दिली होती. गरज पडल्यास पोट उघडावे लागेल, असेही त्यात होते. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली गेली आणि गर्भाशय, बीजांडकोश, गर्भनलिका, सगळेच काढले गेले. आईने सही केली होती, आजार होता, उपचारही त्या आजारावर चालणारा होता, तरीही न्यायालयाने ती संमती मानली नाही. जीव धोक्यात नव्हता. रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिला विचारता आले असते. डॉक्टरला फी नाकारली गेली आणि वर २५ हजार रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम तेव्हाही लहानच होती. निकालाचे मोल त्याने घालून दिलेल्या नियमांत आहे.

त्यातला एक नियम प्रत्येक ऑपरेशन थिएटरच्या दारावर लावावा असा आहे. तपासणीसाठी दिलेली संमती उपचाराला चालत नाही आणि एका शस्त्रक्रियेची दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही. ‘पोट उघडलेच होते, पुन्हा भूल नको, पुन्हा खर्च नको, म्हणून तेही काढून टाकले’ हा बचाव न्यायालयाने नाकारला आहे. अपवाद एकच : जीव वाचवण्यासाठी किंवा आरोग्य टिकवण्यासाठी ते त्याच वेळी करणे भाग होते, थांबणे शहाणपणाचे नव्हते. त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, मध्य प्रदेश उच्च न्यायालयासमोर अपेंडिक्सची संमती घेऊन पित्ताशय काढल्याचे प्रकरण आले होते आणि तिथेही डॉक्टरच जबाबदार ठरले. वाट मात्र बंद नाही. ‘दुर्बिणीने तपासू, अमुक सापडले तर त्याच बैठकीत तमुक करू’ अशी एकत्रित संमती आधीच घेता येते, आणि शल्यचिकित्सकांनी ती घ्यावीच. तपासणीआधी ज्या तीन-चार शक्यता डोक्यात असतात त्या कागदावर उतरवायला पाच मिनिटे लागतात.

मग नातेवाईकाच्या सहीची सवय आली कुठून? आमच्या मते तिचे एक मूळ भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतल्या कलम ७.१६ मध्ये आहे. त्यात ऑपरेशनपूर्वी ‘पती किंवा पत्नी, अल्पवयीन असल्यास पालक, किंवा यथास्थिती स्वतः रुग्ण’ यांची लेखी संमती घ्यावी, असा मजकूर आहे. वाक्याची रचना इतकी ढिसाळ आहे की पती-पत्नी आधी आणि रुग्ण सर्वांत शेवटी, असाच अर्थ वॉर्डात लागला. त्याच कलमात पुढे वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला नवरा-बायको दोघांची संमती हवी, असे म्हटले आहे. याउलट केंद्राच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियांच्या मानकांनुसार नसबंदीसाठी जोडीदाराची सही लागत नाही. ज्या बाईचे टाके घालायचे किंवा ज्या पुरुषाची नसबंदी करायची त्याचीच सही पुरते. दोन सरकारी कागद दोन गोष्टी सांगतात आणि मधल्या मध्ये बाईला ‘मालकांना घेऊन या’ म्हणून परत पाठवले जाते. परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली जाहीर केली आणि त्याच महिन्यात स्थगितही केली. त्यामुळे हे जुने कलम आजही दवाखान्यांच्या फॉर्मवर राज्य करते आहे. ते दुरुस्त करायला संसदेत कायदा आणावा लागत नाही. आयोगाने एक वाक्य बदलले तरी पुरेल.

गर्भपाताच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही. १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. तिच्या सहीसाठी ‘नमुना सी’ आहे आणि त्यावर नवऱ्याच्या सहीला रकाना नाही. पालकाची लेखी संमती लागते ती फक्त स्त्री १८ वर्षांखालील किंवा मनोरुग्ण असेल तेव्हा. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नातेवाईकांच्या संमतीसारख्या कायद्याबाहेरच्या अटी घालणाऱ्या डॉक्टरांवर स्पष्ट नापसंती नोंदवली. तरी काउंटरवर ‘मिस्टरांचे आधार कार्ड आणि सही’ मागणारे आजही आहेत. ती मागणी बेकायदा आहे. स्त्रीने नकार द्यावा आणि ‘नमुना सी’ मागावा.

आता संमतीआधी सांगायचे काय? समीरा कोहली निकालात न्यायालयाने चार गोष्टी मोजून दिल्या आहेत. उपचार काय आहे, कसा करणार, त्याचा उद्देश आणि फायदा काय. दुसरे पर्याय आहेत का. ठळक धोके कोणते. आणि उपचार घेतलाच नाही तर काय होईल. पित्ताशयातल्या खड्यांचे उदाहरण घेऊ, कारण ही शस्त्रक्रिया जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी होते. ‘खडे काढतो’ हे सांगणे अपुरे आहे, कारण खडे नव्हे तर पूर्ण पित्ताशयच काढतात. रुग्णाला हे डिस्चार्जच्या दिवशी कळले तर संमती कशाला दिली होती? सांगायचे ते असे : पोटावर साधारण चार लहान छेद घेऊन दुर्बिणीतून पित्ताशय काढणार, भूल पूर्ण देणार, आत चिकटलेले असेल किंवा रक्तस्राव आटोक्यात येत नसेल तर पोट उघडावे लागेल आणि मग मुक्काम वाढेल, हजारात साधारण तीन ते पाच जणांना पित्तनलिकेला इजा होते, ती झाली तर दुसरी मोठी शस्त्रक्रिया लागते. खडे असून त्रास काहीच नसेल तर थांबण्याचाही पर्याय आहे, आणि तो सांगायलाच हवा. त्रास होत असून ऑपरेशन टाळले तर पित्ताशयाला सूज, कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज यांचा धोका राहतो. एवढे बोलायला सात-आठ मिनिटे लागतात. लाखात एखाद्याला होणारे दुर्मीळ धोके सांगायचे बंधन कायद्याने घातलेले नाही. ‘सगळे सांगत बसलो तर पेशंट पळून जाईल’ ही भीती त्यामुळे फारशी खरी नाही.

भुलीची संमती वेगळी घ्यावी आणि ती भूलतज्ज्ञाने स्वतः रुग्णाशी बोलून घ्यावी. पूर्ण भूल की कमरेतले इंजेक्शन, उपाशी का राहायचे, दात हलतात का, आधी कधी भुलीचा त्रास झाला होता का, हे बोलणे आणि संमती यांची जागा एकच आहे. रक्त देण्याची शक्यता असेल तर तीही ओळ वेगळी हवी.

वेळ हा सर्वांत दुर्लक्षित भाग. ऑपरेशनआधी अस्वस्थता कमी करायला मिडाझोलामसारखे औषध देतात. त्या औषधाने झोप तर येतेच, शिवाय त्यानंतरच्या काही काळातल्या गोष्टी आठवत नाहीत. हे इंजेक्शन दिल्यावर ‘अहो, एक सही राहिली’ म्हणून ट्रॉलीवर घेतलेली सही संमती ठरत नाही. केसपेपरवर इंजेक्शनची वेळ असते, फॉर्मवर सहीची वेळ असते, आणि वकील पहिल्यांदा या दोन वेळाच शेजारी ठेवून पाहतो. कळा चालू असताना सिझेरियनसोबत ‘टाकेही घालून टाकू का?’ असे विचारणेही तितकेच चुकीचे आहे. तो विषय आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीत बोलायचा असतो.

कोऱ्या रेघांचा प्रश्न राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे २०२० मध्ये आला होता. कोणत्याही ऑपरेशनला, कोणत्याही डॉक्टरला चालेल असा छापील फॉर्म ठेवायचा आणि रिकाम्या जागा नंतर हाताने भरायच्या, या पद्धतीला आयोगाने अनुचित व्यापार प्रथा म्हटले. ऑपरेशनचे नाव, उजवी की डावी बाजू, कोण करणार, कोणते धोके सांगितले, हे सही होण्याआधी भरलेले हवे. रुग्णांसाठी नियम सोपा आहे : रेघ कोरी असेल तर सही करायची नाही, किंवा कोऱ्या जागेवर आडवी काट मारून मगच करायची.

‘डॉक्टर जबाबदार राहणार नाही’ या ओळीने डॉक्टरांनी निर्धास्त होऊ नये आणि रुग्णांनी घाबरू नये. संमती असते ती नीट केलेल्या उपचाराला आणि सांगितलेल्या धोक्यांना. हलगर्जीपणाला कोणी आगाऊ माफी लिहून देऊ शकत नाही. पोटात बोळा राहिला तर ती ओळ कोणाला वाचवणार नाही. उलट, फॉर्मवर अशी ओळ ठळक आणि धोक्यांची जागा कोरी, हे चित्र न्यायालयात डॉक्टरच्याच विरोधात जाते.

नातेवाईकांच्या आग्रहाबद्दल सहानुभूतीनेच लिहायला हवे. ‘आईला कॅन्सरचे सांगू नका, ती खचेल’ हे मुलगा मायेपोटी म्हणतो. पण गाठ आईच्या शरीरात आहे, केमोथेरपी तिलाच सोसायची आहे. ‘मला काही सांगू नका, माझ्या मुलीला विचारा’ असे आईने स्वतः म्हटले तर गोष्ट वेगळी. तो तिचा अधिकार आहे. तेव्हा तिचे हे म्हणणे केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहावे, खाली तिची सही घ्यावी आणि मग मुलीशी बोलावे. पण आईला एकदाही न विचारता दाराबाहेर कुजबुजत घेतलेला निर्णय कायद्यात बसत नाही. शिवाय तो आईला बहुधा कळलेलाच असतो. केमोच्या वॉर्डात शेजारची बाई सांगते.

एचआयव्ही तपासणीबाबतचा नियमभंग तर रोज होतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार समजावून घेतलेल्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, आणि आधी व नंतर समुपदेशन करावे लागते. रक्तपेढीतल्या रक्ताची चाचणी, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत. ऑपरेशनपूर्व तपासण्यांच्या यादीत हिमोग्लोबिन, साखर यांच्या खाली एक टिकमार्क करून रक्त पाठवणे त्या अपवादांत येत नाही. अहवाल पॉझिटिव्ह आला की केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने मोठा शेरा मारतात, तो तर गोपनीयतेचाही भंग आहे.

तातडीच्या प्रसंगी मात्र फॉर्म शोधत बसू नये. अपघातातला बेशुद्ध रुग्ण, सोबत कोणी नाही, मेंदूत रक्तस्राव, अशा वेळी भारतीय न्याय संहितेचे कलम ३०, म्हणजे जुन्या दंडविधानाचे ९२, सद्भावनेने रुग्णाच्या भल्यासाठी केलेल्या उपचाराला संरक्षण देते. थांबणे का शक्य नव्हते हे वेळेसह लिहावे, शक्य असल्यास दुसऱ्या डॉक्टरची सहमती नोंदवावी आणि कामाला लागावे. पण पक्षाघाताने किंवा स्मृतिभ्रंशाने निर्णयक्षमता गेलेल्या प्रौढाच्या वतीने, तातडी नसताना, कोणी आणि कोणत्या क्रमाने सही करावी, याचा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय करतो, पण ती मानसिक आजारापुरती. बायको एक म्हणते, भाऊ दुसरे म्हणतो आणि अतिदक्षता विभागाच्या दारात भांडण होते. वृद्धांची संख्या वाढत असताना ही पोकळी फार काळ परवडणार नाही. जगण्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या उपचारांपुरते वैद्यकीय इच्छापत्र करता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानंतर त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते, दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही.

मुलांचे थोडक्यात : बारा वर्षांखालील मुलाची संमती फौजदारी कायद्याला मान्यच नाही, पालकाची हवी. बारा ते अठराच्या मधला पट्टा संदिग्ध आहे. पालकाची सही घ्यावी आणि मुलालाही विचारून त्याचा होकार लिहून ठेवावा.

नकाराचीही नोंद हवी. केरळ उच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अपेंडिक्सच्या एका प्रकरणात म्हटले की रुग्णाने ऑपरेशनला नकार दिला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टरवर आहे. ‘पेशंट ऐकत नाही’ एवढा शेरा पुरत नाही. काय सुचवले, न केल्यास काय होईल हे सांगितले, तरी नकार, असे लिहून रुग्णाची सही. तोही सही देत नसेल तर साक्षीदाराची.

महाराष्ट्राला या विषयाचे गांभीर्य बीडने शिकवायला हवे होते. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्याचे २०१९ मध्ये पुढे आले आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ‘पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल’ एवढ्या एका वाक्यावर घेतलेला अंगठा ही संमती कशी? अंगावरून पांढरे जाते याला गोळ्या आहेत, रक्तस्रावाला औषधे आणि इतर उपाय आहेत, बीजांडकोशही काढले तर ऐन तिशीत पाळी जाऊन हाडे ठिसूळ होतात, हे तिला कोणी सांगितले होते? सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी, अशा शस्त्रक्रिया अनावश्यकपणे किंवा समजून घेतलेल्या संमतीशिवाय करणाऱ्या रुग्णालयांना काळ्या यादीत टाकण्याची कारवाई कठोरपणे करावी, असे बजावले आहे.

कायद्याबद्दल आमची एक तक्रारही आहे. किती सांगायचे हे ठरवताना २००८ च्या निकालाने ‘जाणकार डॉक्टर साधारणपणे जेवढे सांगतात तेवढे’ ही इंग्लंडची मोजपट्टी घेतली. ती मोजपट्टी खुद्द ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात सोडली. मधुमेह असलेल्या बुटक्या चणीच्या आईला बाळाचा खांदा अडकण्याचा नऊ-दहा टक्के धोका सांगितला नव्हता. ‘आम्ही सहसा सांगत नाही’ हे उत्तर तिथे चालले नाही. या रुग्णाच्या जागी असलेल्या माणसाला काय महत्त्वाचे वाटेल, हे तिथे आता पाहिले जाते. गायकाला थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत आवाजाच्या नसेला असलेला धोका आणि तो इतर कोणाला, यांचे वजन सारखे नसते. आपल्या न्यायालयांनीही तो बदल करायला हवा, असे आमचे मत आहे.

ओपीडीत शंभर रुग्ण असताना वेळ कुठून आणायचा, हा डॉक्टरांचा प्रश्न खरा आहे. म्हणूनच संमती आदल्या रात्रीवरून ऑपरेशनची तारीख ठरते त्या दिवसावर आणावी. त्याच दिवशी रुग्णाच्या हातात त्या एका शस्त्रक्रियेचे, मराठीत छापलेले, दोन पानी माहितीपत्रक द्यावे. पित्ताशय, हर्निया, मोतीबिंदू, सिझेरियन, गर्भपिशवी, मुतखडा अशा वीसेक शस्त्रक्रियांची पत्रके केली तरी बहुतेक काम भागते. घरी वाचून, चार माणसांशी बोलून तो भरती व्हायला येईल तेव्हा ऑपरेशन करणाऱ्या किंवा त्याची पूर्ण माहिती असलेल्या डॉक्टरने त्याला काही शंका आहेत का ते विचारावे आणि एक प्रश्न करावा : ‘उद्या आपण काय करणार आहोत, तुम्ही मला सांगा बघू.’ उत्तर बरोबर आले की सही. तारीख, वेळ, समजावणाऱ्या डॉक्टरची सही, साक्षीदाराची सही. नातेवाईकाने साक्षीदाराच्या रकान्यात खुशाल सही करावी. धडगावला पावरी, एटापल्लीला गोंडी किंवा माडिया बोलणारी रुग्ण असेल तर दुभाष्याचे नाव आणि सही हवी, आणि अंगठा असेल तर वाचून दाखवणाऱ्याचीही. हा माणूस शक्यतो रुग्णालयाचा नोकर नसावा.

राज्यात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाला येणाऱ्या तपासणी पथकाने सनद भिंतीवर आहे का एवढेच न पाहता, गेल्या महिन्यातल्या कोणत्याही पाच ऑपरेशनांचे संमतिपत्र काढून पाहावे : सही कोणाची, वेळ कोणती, रेघा भरलेल्या की कोऱ्या. अर्धा तास पुरेल. आणि रुग्णांनी हे ध्यानात ठेवावे की त्याच २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे मिळायला हवीत. संमतिपत्र त्या कागदपत्रांतच येते. अर्जात त्याचा वेगळा उल्लेख करावा.

आपले,
शस्त्रक्रिया, भूलशास्त्र आणि वैद्यकीय कायदा या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक
पुणे